थंडी रेंगाळली असताना बागेत दिसणारी वसंताची चाहूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी संपत आला की प्रश्न सुरू होतात. वरवर ते वेगवेगळे दिसतात, पण मुळात दोनच असतात: "वसंत आला का?" आणि "आता हे मरेल का?" दोन्हींचं उत्तर देताना मी आधी एक गोष्ट तपासतो. समोरचं लक्षण कशामुळे आलंय: हवेच्या तापमानामुळे, मातीच्या तापमानामुळे, दिवसाच्या लांबीमुळे, की आधी सोसलेल्या थंडीमुळे? ही चारही कारणं एकाच आठवड्यात क्वचित जुळतात, आणि बागेतला बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

इथली उत्तरं हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणाऱ्या भागांसाठी आहेत. महिने उत्तर गोलार्धातले आहेत. दक्षिण गोलार्धातल्या वाचकांनी त्यात सहा मिळवावेत.

१. वसंत नक्की कधी सुरू होतो? १ मार्चला की २१ मार्चला?

दोन्ही तारखा बरोबर आहेत, आणि बागेसाठी दोन्ही जवळजवळ निरुपयोगी. हवामानखाती महिन्यांची सरासरी काढायला सोपं जावं म्हणून १ मार्च धरतात. खगोलशास्त्रात दिवस-रात्र समान होतात तो विषुवदिन, म्हणजे २० किंवा २१ मार्च, धरला जातो. तिसरा हिशेब झाडाझुडपांचा: पहिलं फूल, पहिली पालवी, पहिला परतलेला पक्षी. इंग्लंडमधल्या नॉरफकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये अशा नोंदी सुरू केल्या आणि त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानमधल्या क्योतोच्या चेरीबहराच्या नोंदी तर नवव्या शतकापर्यंत मागे जातात.

जागेनुसार किती फरक पडतो, याचा एक ढोबळ ठोकताळा अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये उत्तर अमेरिकेसाठी मांडला. उत्तरेकडे एक अक्षांश सरकलं किंवा सुमारे १२० मीटर वर चढलं, की वसंत साधारण चार दिवस उशिरा येतो. तो जगभर तंतोतंत लागू पडत नाही, पण डोंगरावरच्या बहिणीकडे अजून बर्फ का आहे, हे कळायला पुरेसा आहे. शहरातल्या इमारती आणि डांबर उष्णता धरून ठेवतात, म्हणून शहरातली बाग आसपासच्या खेड्याच्या पुढे असते.

२. सगळ्यात आधी काय दिसतं?

बहुतेक जण जमिनीकडे बघतात. मी म्हणेन, आधी वर बघा. हेझलच्या फांद्यांवर लोंबणारे नर-तुरे मागच्या उन्हाळ्यातच तयार होऊन घट्ट मिटून बसलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत जरा ऊब मिळाली की ते सैल होऊन लांबतात, पिवळे पडतात आणि वाऱ्यावर पराग सोडतात. (तेव्हा येणाऱ्या शिंका सर्दीच्या असतीलच असं नाही.) त्याच फांदीवरचं मादीफूल बघितलेले लोक मात्र फार थोडे. एका बारीक कळीच्या टोकातून बाहेर आलेले दोन-तीन मिलिमीटरचे लालभडक धागे, एवढंच ते असतं. एकदा दिसलं की दर वर्षी डोळे तेच शोधतात.

विच हेझल साधारण त्याच सुमाराला फुलते. तिच्या रिबिनीसारख्या पाकळ्या कडाक्याच्या थंडीत गुंडाळल्या जातात आणि ऊब आली की पुन्हा उलगडतात, म्हणून तिचा बहर आठवडेच्या आठवडे टिकतो. जमिनीवर स्नोड्रॉप आणि पिवळा विंटर अ‍ॅकोनाइट पहिले, मग क्रोकस, मग डॅफोडिल. मधल्या काळात विलोवरचे राखाडी लवदार तुरे येतात. ती लव आतल्या फुलाला ऊबदार ठेवते. नर झाडाचे तुरे पुढे परागांनी पिवळे होतात. फोर्सिथिया पिवळी झाली की माती खरंच तापायला लागली आहे असं समजायला हरकत नाही. या यादीत माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावरच.

३. बर्फातून फूल वर येतं तरी कसं? ते बर्फ वितळवतं का?

स्नोड्रॉप बर्फ वितळवत नाही. त्याची तयारी मागच्या वसंतातच झालेली असते: पानांनी बनवलेलं अन्न कंदात साठतं आणि पुढचं फूल कंदाच्या आत आकार घेऊन बसतं. पानांची टोकं कडक असतात, त्यामुळे गोठलेला वरचा थर फोडता येतो. पेशींमध्ये बर्फाच्या स्फटिकांची वाढ रोखणारी प्रथिनंही असतात. शिवाय बर्फाचा जाड थर पांघरुणाचं काम करतो. वर हवा उणे १५ असली तरी त्याखालची माती शून्याच्या आसपास राहते.

खरोखर बर्फ वितळवणारी एक वनस्पती मात्र आहे. उत्तर अमेरिकेतल्या दलदलींत वाढणारी स्कंक कॅबेज फुलताना स्वतः उष्णता निर्माण करते. तिच्या फुलोऱ्याचं तापमान आसपासच्या हवेपेक्षा १५ अंशांहूनही जास्त असू शकतं, आणि भोवतालच्या बर्फात गोल खळगा पडतो. वास मात्र कुजक्या मांसाचा. बागेत लावायचा मोह होणार नाही.

४. जानेवारीतच डॅफोडिलचे कोंब वर आलेत. झाकून ठेवू का?

नको. ती पानं आहेत, आणि त्यांना हिम सोसतं. फुलाची कळी अजून खाली सुरक्षित असते. फार तर टोकं पिवळी पडतील; ते फक्त दिसायला वाईट. उलट जाड आच्छादन ओलं होऊन कोंबांवर बसून राहिलं तर कंद कुजण्याची भीती जास्त.

५. सकाळी हेलेबोर आणि स्नोड्रॉप आडवे पडले होते, मेलेच वाटले. दुपारी ताठ उभे! हे काय?

ते बचावाचं तंत्र आहे. थंडी वाढली की पेशींमधलं पाणी बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत जातं आणि तिथे गोठतं. पेशीच्या आत बर्फ झाला तर ती फुटते. बाहेर झाला तर वाचते. पाणी बाहेर गेल्याने दांड्याचा ताठरपणा जातो आणि तो लवतो. तापमान चढलं की पाणी आत परततं. र्‍होडोडेंड्रॉनची पानं शून्याखाली विडीसारखी गुंडाळून खाली लोंबतात, तीही थंडी ओसरली की सरळ होतात.

अशा वेळी हात लावू नका. गोठलेला दांडा सरळ करायला गेलात तर तो मोडतो. गोठलेल्या हिरवळीवर चालल्यावर काही दिवसांनी पावलांचे तपकिरी ठसे उमटतात, त्याचं कारणही तेच.

६. माझे क्रोकस दिवसभर मिटलेलेच. रोग आहे का?

नाही, गार आहे. क्रोकसच्या पाकळ्यांची आतली बाजू उबेत वेगाने वाढते आणि फूल उघडतं. गारव्यात बाहेरची बाजू वाढते आणि ते मिटतं. अर्ध्या अंशाच्या फरकालाही ते प्रतिसाद देतं. त्यामुळे ढगाळ दिवशी परागकण कोरडे राहतात, आणि कीटक उडण्याची शक्यता असते तेव्हाच फूल उघडं असतं. एक मिटलेलं फूल घरात आणा, काही मिनिटांत उमलेल.

७. फेब्रुवारीत आठवडाभर चांगलं ऊन पडलं. झाडं फसतील का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर महिन्यावर अवलंबून आहे.

थंड प्रदेशातलं पानगळीचं झाड हिवाळ्यात दोन टप्प्यांतून जातं. पहिल्या टप्प्यात कळीला आतूनच कुलूप असतं. कितीही ऊब द्या, ती हलत नाही. हे कुलूप थंडीनेच उघडतं. साधारण ० ते ७ अंशांच्या दरम्यानचे तास मोजले जातात. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना असे ८०० ते १,००० तास लागतात, बदामाला त्याहून बरेच कमी. तेवढी थंडी मिळाली की दुसरा टप्पा सुरू होतो. आता झाड जागं असतं, फक्त बाहेरच्या गारठ्याने थांबलेलं. या टप्प्यात आलेली प्रत्येक ऊब ते मोजतं.

म्हणून डिसेंबरातला उबदार आठवडा सहसा निरुपद्रवी आणि फेब्रुवारी-मार्चमधला धोक्याचा. आणखी एक वाईट गोष्ट: ऊब मिळाल्यावर झाड थंडी सोसण्याची ताकद काही दिवसांत गमावतं, पण ती परत कमवायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि कळ्या फुगल्यानंतर ती पूर्णपणे परत येतच नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्चमध्ये उन्हाळ्यासारखी उष्णता पडली, सफरचंदं वेळेआधी फुलली आणि एप्रिलच्या हिमाने सुमारे ९० टक्के पीक गेलं.

शोभेच्या झुडपाच्या कळ्या गेल्या तर एका वर्षाची फुलं जातात, झाड जात नाही. फळझाडांसाठी प्रश्न ११ पाहा.

८. यंदा हिवाळा सौम्य होता, मग वसंत लवकर यायला हवा. माझं सफरचंद मात्र उशिरा आणि अर्धवट फुललं. असं का?

थंडीचे तास पुरले नाहीत (प्रश्न ७). कुलूप नीट न उघडलेल्या झाडाच्या काही कळ्या फुलतात, काही महिनाभर मागे राहतात, काही फुटतच नाहीत. परागीभवन करणारं शेजारचं झाड वेगळ्या वेळी फुलतं, आणि फळ धरत नाही. खत घालून हे सुटत नाही. सौम्य हिवाळ्याच्या भागात कमी थंडी लागणारी जात लावणं हाच उपाय. 'अ‍ॅना' हे सफरचंद साधारण २०० ते ३०० तासांत भागवतं.

९. कडाक्याची थंडी आहे, तरी पक्षी गायला लागले. त्यांना काय कळलं?

दिवस मोठा होतोय, हे कळलं. बऱ्याच पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. कवटीतून झिरपणारा प्रकाश त्यांना पुरतो. दिवस लांबला की संप्रेरकं बदलतात आणि हद्द राखण्याचं गाणं सुरू होतं. युरोपातल्या बागांत ग्रेट टिटचे दोन सुरांचे आळीपाळीचे बोल जानेवारीतच ऐकू येतात. रॉबिन मात्र हिवाळाभर गातो, त्यामुळे तो पुरावा धरू नका.

काही झाडंही दिवसाच्या लांबीकडे लक्ष ठेवतात. बीच हे त्यातलं ठळक उदाहरण: फेब्रुवारी कितीही उबदार गेला तरी ते घाई करत नाही. हेझल मात्र उबेच्या मागे लागतं. दोघं शेजारी उभी असली, की एकाच बागेत एक झाड वसंतात आणि दुसरं शिशिरात, असं दृश्य दिसतं.

१०. अंदाजात किमान तापमान २ अंश होतं. मग गवत पांढरं कसं?

हवेचं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि गवताच्या पातळीवर हवेपेक्षा तीन-चार अंश कमी होऊ शकतं. थंड हवा जड असते. ती उतारावरून ओघळते आणि सखल कोपऱ्यात किंवा भरीव कुंपणाच्या चढाकडच्या बाजूला साचते. तुमच्या बागेतला तो कोपरा ओळखायचा असेल तर अशा सकाळी उठून बघा, पांढरं कुठे सगळ्यात उशिरापर्यंत राहतं. नाजूक रोप तिथे लावू नका.

११. फळझाड पूर्ण फुलावर आहे आणि आज रात्री हिम पडणार. काय करू?

आधी आकडा बघा. सफरचंदाच्या मिटलेल्या कळीला, टोक नुकतं रुपेरी दिसू लागलं असताना, सुमारे उणे ९ अंशांना १० टक्के नुकसान होतं. पूर्ण फुललेल्या फुलाचं तेवढंच नुकसान व्हायला उणे २.२ पुरतं, आणि सुमारे उणे ४ ला ९० टक्के फुलं जातात. म्हणजे उणे १ च्या रात्रीसाठी झोपमोड करायची गरज नाही.

छोटं झाड असेल तर सूर्यास्ताआधी जुनं कापड किंवा हिमरोधक कापड टाका, आणि ते जमिनीपर्यंत पोहोचू द्या. ऊब झाडाकडून नाही, मातीतून येते. फक्त शेंड्यावर बांधलेली टोपी काही वाचवत नाही. प्लॅस्टिक फुलांना टेकलं तर टेकलेल्या जागी फुलं जळतात. सकाळी काढायला विसरू नका, नाहीतर मधमाश्यांना वाट नाही. माती कोरडी असेल तर दुपारी पाणी द्या. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते.

फळबागांत रात्रभर पाण्याचे फवारे चालवतात. पाणी गोठताना दर ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या आवरणातली कळी शून्याच्या आसपास टिकते. पण फवारा मध्येच थांबला तर बाष्पीभवनाने तापमान आणखी उतरतं आणि काहीच न करण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. घरच्या नळीने हा प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१२. कळ्या गेल्या की वाचल्या, कसं ओळखायचं?

एक-दोन दिवस थांबा. मग थोड्या कळ्या धारदार पात्याने आडव्या कापा. आत हिरवं असेल तर जिवंत, मध्यभागी काळं-तपकिरी असेल तर मेलेलं. फांदीचं बघायचं असेल तर नखाने साल किंचित खरवडा; खाली ओलसर हिरवा थर दिसला पाहिजे. घाईने छाटणी करू नका, मेलेली वाटणारी फांदी मे महिन्यातही फुटते.

१३. खणायला आणि पेरायला कधी सुरुवात करायची?

वाफसा आल्यावर. मूठभर माती दाबा: गोळा होऊन बोटाच्या टोचणीने भुसभुशीत फुटली तर काम सुरू, चिकट गोळाच राहिला तर थांबा. ओली माती तुडवली की तिच्यातल्या हवेच्या जागा दबतात आणि वर्षभर ढेकळं निघतात.

मग मातीचं तापमान. सकाळी, पाच ते दहा सेंटिमीटर खोलीवर, सलग काही दिवस बघा. मटार ५ अंशांच्या आसपास हळूहळू उगवतो, पालकही गारव्यात चालतो. घेवड्याला १२ च्या पुढे हवं. त्याआधी पेरलेलं बी मातीतच कुजतं. हवा १८ अंशांवर गेली म्हणून माती गेली असं होत नाही, ती आठवडे मागे असते.

१४. मागच्या वर्षीची वाळकी पानं आणि काड्या कधी साफ करू?

दिवसाचं तापमान सातत्याने १० अंशांच्या वर जाईपर्यंत शक्यतो नाही. पोकळ काड्यांत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या, पानांखाली लेडीबर्ड किडे आणि फुलपाखरांचे कोष असतात. कंदांचे कोंब झाकले जात असतील तेवढाच पालापाचोळा हाताने बाजूला करा.

१५. गार सकाळी एक मोठी बंबलबी (गुबगुबीत, केसाळ मधमाशी) जमिनीवर निपचित सापडली. मेली का?

बहुधा नाही. ती हिवाळा जमिनीखाली एकटीने काढलेली राणी असते. उडण्यासाठी तिला छातीचे स्नायू थरथरवून सुमारे ३० अंशांपर्यंत तापवावे लागतात, आणि त्याला इंधन हवं. तिला कागदावर घेऊन क्रोकस, हेलेबोर किंवा विलोच्या फुलावर ठेवा. जवळ फूल नसेल तरच साखर-पाण्याचा एक थेंब. मध नको, त्यातून रोग पसरू शकतात.

१६. शरदात लावलेली रोपं मुळांसकट वर उचलली गेलीत. कोणी उकरलं?

बर्फाने. मातीतलं पाणी गोठताना खालचं पाणी वर ओढलं जातं, बर्फाचे थर वाढतात आणि रोप ढकललं जातं. दिवसा वितळणं, रात्री गोठणं, हे चक्र मार्चमध्ये सर्वांत जास्त चालतं. माती मऊ झाली की बोटांनी हलकेच दाबून बसवा आणि भोवती आच्छादन घाला. मुळं उघडी राहिली तर थंडीपेक्षा कोरडा वारा आधी मारतो.

१७. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ गोल वितळलाय. झाड जागं झालं का?

कुंपणाच्या खांबाभोवतीही तसंच वर्तुळ असेल, बघून या. गडद खोड ऊन शोषतं आणि ती उष्णता भोवती सोडतं, इतकंच. खोडाच्या नैर्ऋत्य बाजूकडे मात्र लक्ष द्या: दिवसा तापून रात्री झपाट्याने गोठल्याने तरुण झाडांची साल तिथे फाटते. खोडाला पांढरा रंग किंवा गुंडाळी लावतात ती यासाठी.

१८. छाटलेल्या फांदीतून पाणी टपकतंय. थांबवू का?

थांबत नाही, आणि लेप लावून उपयोग नाही. बर्च आणि द्राक्षवेलीत मुळांच्या दाबाने रस चढतो. मेपलमध्ये गोठणाऱ्या रात्री आणि वितळणारे दिवस मिळून तो ढकलतात. झाड सहसा यातून बरं होतं. पुढच्या वेळी ही झाडं खोल हिवाळ्यात किंवा पानं पूर्ण आल्यावर छाटा.

१९. माझी चेरी नोव्हेंबरमध्येच फुलली. ऋतू बिघडला का?

आधी जात तपासा. 'ऑटम्नॅलिस' नावाची चेरी शरदापासून वसंतापर्यंत उबदार दिवस बघून थोडी-थोडी फुलतच असते. विंटर जास्मिनही तशीच, ती हिवाळ्यातच फुलायची. साधं सफरचंद किंवा लायलॅक शरदात फुललं असेल, तर उन्हाळ्यात दुष्काळ किंवा रोगाने पानं लवकर गळाली असण्याची शक्यता जास्त: कळ्यांना कुलूप लागण्याआधीच त्या फुटल्या. त्या कळ्या पुढच्या बहरातून वजा झाल्या, पण झाडाला सहसा धोका नसतो.

२०. आमच्याकडे हिम पडतच नाही. यातलं आम्हाला काही लागू होतं का?

थोडंसं. थंडीच्या तासांचा हिशेब पानगळीच्या शीत झाडांचा आहे. ट्यूलिपचा कंद उष्ण प्रदेशात फुलवायचा तर त्याला काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, ते यामुळेच (सफरचंदांपासून लांब ठेवा, पिकणाऱ्या फळांतला इथिलीन वायू आतली कळी मारतो). पळस, पांगारा, काटेसावर यांची पानगळ मुख्यतः कोरड्या ऋतूशी जोडलेली असते आणि ती निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. आंबा मात्र मधला आहे. त्याला हिम सोसत नाही, पण मोहर धरायला गार रात्री लागतात, साधारण १५ अंशांच्या आसपासच्या. हिवाळा उबदार गेला की मोहराऐवजी नुसती पालवी फुटते, आणि मोहर आल्यावर रात्री पुन्हा फार गारठल्या तर फुलं असूनही फळधारणा कमी होते.